दुखणं मेंदूचं, मूळ भलतीकडं

मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या एखाद्या घरात कर्त्या माणसाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की ‘काय झालं’ याच्याआधी ‘कुठं न्यायचं’ यावर खल सुरू होतो. कुणी अकोला म्हणतं, कुणी अमरावती. सोयरे नागपुरात असतील तर नागपूर. मेंदूचा डॉक्टर तिकडे बसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाख 97 हजार, आणि शंभरातले ब्याऐंशी लोक खेड्यात राहणारे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादसोबत वाशिमचं नाव आलं होतं. अशा जिल्ह्यात मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचा आढावा एमआरआयच्या यंत्रापासून सुरू करण्यात काही अर्थ नाही.

कारण इथं मज्जासंस्थेचं जे दुखणं दिसतं, त्याचा मोठा भाग मुळात मज्जासंस्थेत सुरूच होत नाही. तो साखरेत सुरू होतो, रक्तदाबात होतो, फुप्फुसातल्या क्षयात, आतड्यातल्या जंतूत, बाळंतिणीच्या खोलीत, मे महिन्याच्या उन्हात, कुत्र्याच्या दातात. मेंदूपर्यंत तो नंतर पोचतो. कधी दोन तासांत, कधी वीस वर्षांनी. म्हणजे तो अडवायची जागाही मेंदूविकारतज्ज्ञाच्या खोलीच्या बरीच आधी लागते. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशाताईच्या घरभेटीत. आपली भीती मात्र उलट्या क्रमानं चालते. नाव न ऐकलेला विषाणू गुजरातेत निघाला की गावभर चर्चा होते, आणि पंधरा वर्षं तळपायाची आग होणाऱ्या माणसाला कुणी चप्पल काढायला सांगत नाही.

तिथूनच सुरुवात करू. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटी 10 लाख. ‘शुगर’ हा आता वाशिमच्या आठवडी बाजारातला शब्द आहे, पण त्या शब्दाबरोबर लोकांच्या डोक्यात येतात ते डोळे आणि किडनी. नसा येत नाहीत. वाढलेली साखर मज्जातंतूंच्या पेशींत साठत जाते, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आतून जाड होतात, आणि सगळ्यात लांब तंतू आधी मरायला लागतात. माणसाच्या अंगातला सगळ्यात लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातो, साधारण मीटरभर. म्हणून सुरुवात बोटांपासून. आधी मुंग्या, मग आग, रात्री पांघरूणसुद्धा सहन न होणं, आणि मग एक दिवस आग थांबते. पेशंटला वाटतं बरं झालं. खरं तर नस मेलेली असते.

ही गोष्ट पकडायची तपासणी दोन-तीन मिनिटांची आहे. काडीच्या टोकाला नायलॉनचा एक जाडसर तंतू बसवलेला असतो, बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकणारा. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, तंतू अंगठ्याखाली, चवड्यावर, करंगळीच्या बुडाशी उभा टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, लागलं का? ज्याची नस शाबूत आहे तो लगेच ‘हो’ म्हणतो. ज्याची गेली आहे तो चार ठिकाणी तंतू लावून झाला तरी डोळे मिटून वाट बघत बसतो आणि म्हणतो, “लावा ना आता.” अशा पायात तुराटीचं खुंट घुसतं, काटा मोडतो, जखम होते, आणि माणूस तीन दिवस त्याच पायावर शेतात फिरतो. पुढं ते पाय कापण्यापर्यंत जातं. या तंतूची किंमत काहीशे रुपये. तो नसेल तर कंप पावणारा 128 हर्ट्झचा नादकाटा (ट्युनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवला तरी चालतं. दोन्ही नसतील तर निदान पाय बघता येतो.

साखरेची दुसरी बाजू याहून घाईची आहे. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के, आणि स्वतःजवळ साठा जवळजवळ ठेवत नाही. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर. आणखी उतरली की बरळणं, झटका, बेशुद्धी, आणि कधी कधी चक्क एका बाजूचा हात-पाय लुळा. हुबेहूब लकवा. विदर्भात हे बघायचं तर एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र बघावं. आजीबाई उपवास सोडत नाहीत आणि डॉक्टरांची गोळीही चुकवत नाहीत. ग्लायबेनक्लामाइडसारखी जुनी, स्वस्त गोळी, वर वयामुळे मंदावलेली किडनी, आणि पोटात दिवसभरात एक केळ. अशी साखर एकदा वर आणली तरी काही तासांनी परत पडते, म्हणून ग्लुकोज देऊन लगेच घरी पाठवणं धोक्याचं. लकव्याच्या प्रत्येक पेशंटच्या बोटाला आधी सुई टोचून साखर बघायची, हा नियम जगभर आहे. साखर फार वाढली तरी गंमत होते: एका हाताला किंवा तोंडाच्या एका बाजूला तासन्‌तास झटके येत राहतात, फिटची औषधं लागू पडत नाहीत आणि इन्सुलिननं थांबतात.

मुंग्या येणाऱ्या प्रत्येकाला शुगरच असते असं नाही. बी-12 ची कमतरता ही आपल्याकडची तितकीच जुनी आणि जास्त दुर्लक्षित गोष्ट. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या पुरुषांचं रक्त तपासून प्रसिद्ध केलं, तेव्हा 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी निघालं. वनस्पतींत हे जीवनसत्त्व नसतंच. कारंजा लाड, शिरपूरसारखी जैनांची मोठी ठाणी असलेला, गावोगाव माळकरी असलेला हा जिल्हा. शिवाय ज्यांना मांस-अंडं चालतं त्यांच्याही ताटात ते रोज कुठं असतं? त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-12 आणखी उतरतं, आणि ‘गॅस’साठी उपाशीपोटी घ्यायची गोळी तर आता चहाच्या आधी घेतली जाते. ती पोटातलं आम्ल कमी करते, आणि अन्नातून बी-12 सुटं व्हायला ते आम्ल लागतं. परिणाम फक्त मुंग्यांवर थांबत नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा मागचा भाग झिजतो, माणसाला पाय जमिनीवर नेमका कुठं पडतोय ते कळेनासं होतं. दिवसा ठीक चालतो, पण अंधारात परसाकडे जाताना कोलमडतो, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. हे लवकर ओळखलं तर इंजेक्शनांनी भरून येतं. वर्ष-दोन वर्षं गेली तर पुरतं येत नाही. यात एक चूक नेहमी होते. रक्त कमी म्हणून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात, हिमोग्लोबिन चढतं, सगळे खूश होतात आणि मज्जारज्जू झिजतच राहतो.

थायरॉइड, किडनी, यकृत यांचं इथं थोडक्यात सांगून पुढं जातो. थायरॉइड मंदावलं की मनगटात नस दाबली जाऊन रात्री हात बधिर होतो. किडनी थकली की पायांच्या नसा आणि पुढं मेंदू. यकृत निकामी झालं की रक्तातला अमोनिया मेंदूत शिरतो, पेशंट रात्री जागतो, दिवसा झोपतो, पसरलेले हात फडफडतात. दारूचं यकृत असलेल्या घरात ‘त्याला भ्रम झाला’ म्हणून आधी देवाला नेलं जातं. बऱ्याचदा तोवर चार दिवस शौचाला झालेलं नसतं आणि नुसत्या जुलाबाच्या पातळ औषधानंही माणूस भानावर येतो.

आता विदर्भाचा स्वतःचा म्हणावा असा नसांचा आजार. कुष्ठरोगाला आपण त्वचेचा रोग मानतो, पण त्याचा जंतू मज्जातंतूंचाच. त्याला थंड जागा मानवते, म्हणून त्वचेलगतच्या नसा धरतो: कोपराची, गुडघ्याच्या बाहेरची, कानामागची. वाढतो इतका सावकाश की एका जंतूचे दोन व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. चट्टा दिसतो, तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी 1949 मध्ये. या तिन्ही ठिकाणी आयुष्य काढलेल्या माणसांची झडलेली बोटं रोगानं नाही, बधिरपणानं झडली होती. चुलीचा चटका, उंदराचा दात, कळत नसलेली जखम. 1983 नंतर बहुविध औषधोपचार आला, पाकिटातून फुकट मिळू लागला, आणि डिसेंबर 2005 मध्ये देशानं दहा हजारी एक रुग्णापेक्षा खाली आल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी निम्मी लढाई संपली आणि लक्ष मात्र पूर्ण उडालं, असं माझं मत आहे.

कोपर वाकवून आतल्या बाजूच्या हाडाच्या टेंगळामागं बोट फिरवलं की एक दोरीसारखी नस हाताला लागते. कोपर कशावर आपटल्यावर झिणझिणतं ती हीच. कुष्ठरोगात ती जाड होते, दाबली की दुखते. पुढची पायरी म्हणून पेशंटच्या करंगळी आणि अनामिकेच्या मध्ये कागद धरायला द्यायचा आणि ओढून बघायचा. नस गेली असेल तर कागद अलगद निसटतो. बोटं वाकडी व्हायच्या कितीतरी आधी हे समजतं. आणखी एक गोष्ट लोकांना सांगितली जात नाही: जंतू मारणारी औषधं चालू असताना, कधी संपल्यावरसुद्धा, शरीराचीच प्रतिक्रिया उसळून नस चार दिवसांत निकामी होऊ शकते. तेव्हा स्टेरॉइड वेळेत दिलं तर हात वाचतो. ‘औषधानं उलट वाढलं’ म्हणून पेशंट उपचार सोडतो तो नेमका याच वेळी. राज्यात आता क्षय आणि कुष्ठ या दोन्हींच्या शोधाची संयुक्त मोहीम निघते, आशा घरोघर फिरतात. दारात उभ्या असलेल्या बाईनं घरातल्या पुरुषाला ‘सदरा काढा, पाठ दाखवा’ म्हणायचं आणि सुनेच्या पाठीकडे बघायचं, हे काम कागदावर दिसतं त्यापेक्षा अवघड आहे.

ताप हा वेगळा प्रांत. लहान लेकराला ताप चढला, डोळे फिरले, झटका आला, की गावात ‘ताप मेंदूत गेला’ म्हणतात. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाबरोबर येणारा झटका बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबतो, मूल थोड्या वेळानं उठून खेळायला लागतं आणि मेंदूला काही इजा होत नाही. ज्या मुलाला झटक्यानंतर शुद्धच येत नाही, जे आईला ओळखत नाही, उलट्या थांबत नाहीत, त्याची गोष्ट वेगळी, आणि तिथं विदर्भाचं नाव जगाच्या पुस्तकात आहे. 1965 मध्ये नागपुरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला. त्याला चांदीपुरा हे नाव नागपूरकडच्याच वस्तीचं. जवळजवळ चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलांना मेंदूज्वर झाला आणि 183 दगावली, तेव्हा तो पुन्हा सापडला. 2007 मध्ये नागपूर विभागात, 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत साबरकांठा-अरवलीकडे. तो पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षाही लहान, दोन-तीन मिलिमीटरची. मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यातल्या शेणामातीत राहते. सकाळी खेळणारं मूल दुसऱ्या दिवशी रात्री जातं, इतका वेग. औषध नाही, लस नाही. उरतात ती भिंत लिंपणं, गोठा साफ ठेवणं आणि मुलाला वेळेत ऑक्सिजन व झटका थांबवणारं इंजेक्शन मिळणं. जपानी मेंदूज्वर हा त्यातला दुसरा, पण तो भातखाचरांत वाढणाऱ्या डासांचा, म्हणून पूर्व विदर्भाचा जास्त. वाशिमच्या सोयाबीन-तुरीच्या रानात त्याला तेवढी जागा नाही.

या रानात जागा आहे ती स्क्रब टायफसला. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात त्याचे रुग्ण निघाले तेव्हा नागपूरच्या वर्तमानपत्रांनी ‘नवा आजार’ म्हटलं. नवा तो नव्हे, नव्यानं ओळखलेला. गवतातल्या गोचिडीच्या जातीच्या सूक्ष्म किड्याची अळी चावते, आठ-दहा दिवसांनी ताप येतो, आठवडाभर उतरत नाही, मग डोकं फोडल्यासारखं दुखतं, माणूस बरळतो, कुणाला ऐकू कमी येतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे निंदण आणि गवत कापणीचे दिवस. चावलेल्या जागी बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली पडते, पण ती असते काखेत, जांघेत, परकराच्या किंवा करदोट्याच्या खाली, स्तनाखाली. दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही, आणि कपडे काढून बघितल्याशिवाय डॉक्टरला दिसत नाही. गर्दीच्या ओपीडीत ते होत नाही हे मान्य. पण डॉक्सिसायक्लिनची गोळी काही रुपयांची आहे आणि वेळेवर दिली तर दोन दिवसांत ताप उतरतो. डेंगी आणि मलेरियाची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली की महागडी अँटिबायोटिक सलाईनमधून सुरू होतात. ती बहुतेक या जंतूवर चालत नाहीत.

वेगवान तापांच्या गलक्यात एक संथ मारेकरी सुटतो. क्षयाचा मेंदूज्वर दोन-तीन आठवडे घेतो. मूल चिडचिडं होतं, वजन उतरतं, सकाळी डोकं दुखतं, उलटी होते. पित्त म्हणून गोळ्या, जंत म्हणून गोळ्या, चष्म्याची तपासणी. डोळा तिरळा झाला आणि गुंगी आली म्हणजे उशीर झाला. जन्मल्यावर दिली जाणारी बीसीजी मोठ्यांचा फुप्फुसाचा क्षय फारसा अडवत नाही, पण लहान मुलांच्या याच मेंदूज्वराला अडवते; तिची खरी कमाई ही. निदानासाठी पाठीतलं पाणी काढावं लागतं आणि तिथं घरचे हटतात. ‘पाठीत सुई घातली की माणूस कायमचा लुळा पडतो’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. सुई जिथं घालतात तिथं, कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू संपलेला असतो. नुसत्या नसांचा जुडगा पाण्यात तरंगत असतो. हे कुणी चित्र काढून दाखवलं तर बरेचसे नातेवाईक सही करतात. त्या पाण्यात साखर कमी, प्रथिनं जास्त, आणि जंतू शोधायला गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅटचं यंत्र आता तालुक्यांपर्यंत पोचलं आहे. क्षयाच्या औषधांसोबत स्टेरॉइड दिल्यानं मृत्यू कमी होतात हे व्हिएतनाममधल्या 2004 च्या चाचणीनं दाखवलं. उपचार मात्र सहा महिन्यांत आटोपत नाहीत, बहुधा वर्षभर चालतात. आणि त्यातल्याच आयसोनियाझिडनं पायाला मुंग्या येऊ शकतात, म्हणून बी-6 ची छोटी गोळी जोडीला असते. पाकिटातली ‘कामाची नसलेली’ म्हणून टाकून दिली जाते ती नेमकी हीच.

कधी जंतू मज्जासंस्थेत जातही नाही आणि तरी ती बंद पाडतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुइयाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण निघाले आणि आकडा दोनशेच्या वर गेला. आधी दूषित पाण्यातून जुलाब. त्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर या जंतूच्या अंगावरची साखरेची रचना आणि आपल्या नसांवरची रचना सारखी. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच नसांवर तुटून पडतात. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे झालेले असतात, म्हणून संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. उकिडवं बसल्यावर उठता येत नाही, पायरी चढवत नाही, मग हात, मग श्वास. अशा पेशंटला एका दमात अंक मोजायला लावावेत. वीसपर्यंतसुद्धा जात नसेल तर गाडी लगेच काढावी, कारण मधल्या रस्त्यात श्वास थांबू शकतो. पुण्यातली साथ वर्तमानपत्रांत आली कारण ती एका पट्ट्यात झाली. पावसाळ्यात गढूळ पाणी पिणाऱ्या खेड्यातला एकटा-दुकटा रुग्ण ‘वारं गेलं’ या नावाखाली जमा होतो.

कोविडचं आता कुणाला ऐकायचं नसतं. फेब्रुवारी 2021 मध्ये रिसोड तालुक्यातल्या एका निवासी शाळेत 229 विद्यार्थी बाधित निघाले आणि वाशिमचं नाव देशभर गेलं. त्या लाटेत कित्येकांचा वास गेला. विषाणूनं वासाच्या नसा न मारता त्यांना आधार देणाऱ्या पेशी मारल्या होत्या, म्हणून बहुतेकांचा परतही आला. खरी किंमत मोजली ती मधुमेहींनी. स्टेरॉइडनं चढलेली साखर, आणि नाकातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत चढणारी काळी बुरशी. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी राज्यभर धावपळ चालली होती तेव्हा, मे 2021 मध्ये, वर्ध्याच्या जेनेटेक लाइफसायन्सेसनं ते इंजेक्शन बनवायला घेतलं.

कोबीतला किडा मेंदूत जातो, ही भीती शाकाहारी घरांत पक्की बसली आहे. किडा कोबीतला नसतो. डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी ज्या माणसाच्या आतड्यात आहे त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत जातात आणि न धुतलेल्या भाजीवरून, पाण्यातून, हातांवरून दुसऱ्याच्या पोटात. तिथून रक्तात, मेंदूत गाठ, आणि वयाच्या विशीत अचानक फिट. डुकराचं मांस आयुष्यात न खाल्लेल्यालाही ती होते. दोष उघड्यावरच्या हागणदारीचा, बदनाम झाली भाजी. कुत्र्याबद्दल एवढंच: रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या आतल्या वाटेनं मेंदूकडे चढतो आणि पोचल्यावर इलाज जवळजवळ नाही. ती वाट चढायला त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. लस आणि जखमेत टोचायचं सीरम याच मुदतीत काम करतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची; हळद, मिरची, चुना नाही.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून गेलेली नाही. अंगात पाणी कमी, हिमोग्लोबिन कमी, आणि बाळंतपणानंतर रक्त आधीच गोठायला टपलेलं. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गाठ होते. आठ-पंधरा दिवसांच्या बाळंतिणीला जीवघेणी डोकेदुखी आणि मग झटका आला तर घरात ‘बाहेरचं’ म्हणून लिंबू उतरवतात. हेपरिननं ही बाई बरी होते, आणि बहुतेकदा पूर्ण. त्याआधीच्या महिन्यांत रक्तदाब चढून येणारे झटके वेगळे. त्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन प्राथमिक केंद्रातही द्यायचं असतं. सिकलसेल तर विदर्भातल्या आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यातलं दुखणं सांध्यांचं म्हणून माहीत असतं, पण वाकड्या पेशी मेंदूची वाहिनी बुजवतात तेव्हा सात-आठ वर्षांच्या पोराला लकवा होतो. लकवा होण्याआधीच डोक्याची सोनोग्राफी करून धोका ओळखता येतो, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिला लकवा बहुतांशी टळतो, हे 1998 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झालं. इथं हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल न चुकता मिळाली तरी पुष्कळ.

उन्हाचं सांगायला नको. मे महिन्यात अंगाचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की सगळ्यात आधी बिघडतो तो मेंदू, त्यातही तोल सांभाळणारा लहान मेंदू. उष्माघातातून वाचलेला मजूर महिनोन्‌महिने झुलत चालतो. आधी बर्फ आणि पाणी, मग ॲम्ब्युलन्स. म्हाताऱ्या माणसाचं एका रात्रीत बरळायला लागणंही असंच. ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, तर लघवीचा संसर्ग असतो किंवा जुलाबात सोडियम उतरलेलं असतं.

आणि रक्तदाब, म्हणजे लकव्याचं मूळ. ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीतल्या 86 गावांत 2011 ते 2013 मध्ये प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. डॉ. योगेश्वर काळकोंडे हे मेंदूविकारतज्ज्ञ त्या कामात होते. मलेरियासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या जिल्ह्यात मृत्यूचं पहिलं कारण निघालं लकवा, 14.3 टक्के, आणि बहुतेक जण घरीच गेले होते. वाशिममध्ये असं कुणी गावागावांत फिरून मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही, पण इथली माणसंही मीठ-लोणचं खातात, तंबाखू मळतात. लकव्यात मेंदूच्या पेशी मिनिटाला 19 लाखांच्या हिशेबानं मरतात. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघूनच. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांना नागपूर त्या मुदतीच्या आत आलं. रिसोड-मानोऱ्याला आधी त्या रस्त्यापर्यंत पोचावं लागतं. त्याआधी मालिशवाला, कबुतराचं रक्त चोळणारा आणि लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणारा यांत किती तास जातात तो हिशेब वेगळाच.

9 ऑक्टोबर 2024 ला वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांबरोबर. कधीतरी तिथं मेंदूविकाराचा विभाग होईल. तोपर्यंत लकव्यावरचं सगळ्यात परिणामकारक औषध रक्तदाबाची अम्लोडिपिनच आहे, ते प्राथमिक केंद्रात फुकट मिळतं आणि लोक सोडून देतात, कारण डोकं दुखायचं थांबलेलं असतं. सोयाबीनच्या सोंगणीत गोळ्या संपल्या तर मजुरी बुडवून केंद्राच्या रांगेत कुणी उभं राहत नाही. दसऱ्याआधी आशाताईनं दोन महिन्यांच्या गोळ्या घरपोच दिल्या तर हा खंड पडणार नाही; त्यासाठी तेवढा साठा सप्टेंबरातच केंद्राच्या कपाटात असावा लागतो.